पाल्याच्या रात्री परसबाग कशी राखावी

कोकणातून, देशावरून किंवा गोव्याकडून निघालेले कुटुंब उत्तरेत येऊन स्थिरावले, की दोन-तीन पिढ्यांत त्याच्या बोलण्याला हिंदीचे वळण लागते, पंक्तीत पुरी-कचोरी शिरते, पोशाखही बदलतो. बदलत नाही ती परसातील झाडांची आवड. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपली छावणी कायम केली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्यास आता दोन शतके उलटून गेली. तरी आजही लष्करातील, तसेच इंदूर-उज्जैनकडील आपल्या घरांत डोकावले तर केळीचे एक बेट, पपईची दोन झाडे, कढीलिंबाचे रोप आणि तुळशीवृंदावन ही हटकून दिसतात. एखाद्याने रत्नागिरीहून हापूसचे कलम आणलेले असते. एखाद्या हौशी गृहस्थाने फणसाची आठळी रुजविलेली असते. आणि माहेरची आठवण म्हणून कुंडीत वाढविलेला नारळ तर पुष्कळ घरी असतो.

ही झाडे पावसाळ्यात अशी फोफावतात की आपण गाव सोडून आलोच नाही असे वाटावे. मग पौष महिना येतो. एके दिवशी पहाटे उठून पाहावे तो केळीची पाने उकडल्यासारखी काळपट होऊन लोंबत आहेत, पपईचा शेंडा मान टाकून पडला आहे, आणि तीन वर्षे जपलेल्या आंब्याच्या कलमाची पाने विस्तवाजवळ धरल्यासारखी तांबूस झाली आहेत. एका रात्रीत तीन वर्षांची मेहनत जाते. ही हानी पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखी असते. मात्र थंडी झाडास नेमकी कशी मारते हे समजून उपाय केले पाहिजेत. न समजता केलेले काही उपाय तर उलटेच फळ देतात.

प्रथम शब्दाविषयी. जमिनीवर व पानांवर बारीक पांढरे हिमकण जमतात, त्यास जुन्या मराठीत हिंव किंवा दहिवर म्हणत. इकडे त्यास ‘पाला पडणे’ म्हणतात. आपल्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने, तेव्हा पाला पडला की पाला जळतो असा हा मौजेचा योग आहे. या लेखात आम्ही इकडचाच शब्द वापरला आहे, कारण शेजारचा माळी बोलेल तो हाच.

आता पाला पडतो कसा ते पाहू. हिवाळ्यात पश्चिमेकडून, इराण-अफगाणिस्तानावरून, थंड प्रदेशातील वादळी हवेचे पट्टे एकामागून एक येतात. हवामान खाते त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांच्यामुळे ढग येतात, हिमालयात बर्फ पडते, मैदानात क्वचित मावठ्याचा पाऊस होतो. असा एक पट्टा पुढे सरकला की आकाश निवळते, हवा कोरडी होते आणि उत्तरेकडील वारा थंडी घेऊन येतो. त्यानंतरच्या दोन-चार रात्री धोक्याच्या. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सियस किंवा त्याखाली असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक उतरले म्हणजे हवामान खाते शीतलहर जाहीर करते. ते ४ अंशांपर्यंत आले तर नेहमीचे मान काहीही असले तरी शीतलहरच, आणि २ अंशांवर तीव्र शीतलहर. ग्वाल्हेरच्या बाजूस असे दिवस बहुतेक हिवाळ्यांत येतात. माळव्यात त्याहून कमी, पण येतात.

वर्तमानपत्रात ‘किमान ४ अंश’ वाचून पुष्कळ लोक निश्चिंत राहतात. पाणी शून्य अंशावर गोठते, मग चार अंशांवर पाला कसा पडेल? याचे उत्तर मापण्याच्या जागेत आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत, म्हणजे आच्छादनाखाली ठेवलेला असतो. उघड्यावरील गवताचे पाते त्या वेळी त्याहून तीन-चार अंशांनी, क्वचित अधिकही, थंड असते. कारण दिवसा मिळालेली उष्णता जमीन आणि पाने रात्रभर आकाशाकडे फेकीत असतात. आकाशात ढग असले तर त्यातील बरीच उष्णता परत खाली येते. आकाश निरभ्र असेल तर ती गेली ती गेलीच. पान आपल्या भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि त्याला टेकलेली हवा थंड होऊन खाली साचते. त्यामुळे अशा रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर दोन-तीन माड उंचीवर उबदार हवा अशी उलटी मांडणी होते. वारा असला तर तो या दोन्ही ढवळून काढतो व वरची ऊब खाली आणतो. म्हणून घातक रात्र ओळखावयाची खूण अशी: दिवस उत्तरेच्या वाऱ्याचा, संध्याकाळी वारा एकाएकी पडलेला, आकाश स्वच्छ, चांदण्या तेजस्वी, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत.

येथे माणसाची जाण आणि झाडाची जाण यांत फरक आहे. दाट धुक्याची रात्र आपल्याला अंगात शिरणारी वाटते आणि आपण म्हणतो, आज झाडांचे काही खरे नाही. पण धुके हे झाडांवर पांघरूणच असते. शिवाय हवेतील वाफेचे दव होताना उष्णता सुटते व पारा घसरण्याचा वेग मंदावतो. झाडे मरतात ती बहुधा शांत, कोरड्या, चांदण्याच्या रात्री, ज्या रात्री शाल घेऊन गच्चीवर बसावे असे आपणास वाटते. पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नव्हे, तर पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास. रात्री दहा वाजता बागेत फेरी मारून ‘सर्व ठीक’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

थंड हवा जड असते व ती पाण्यासारखी वाहते. उतारावरून ती सखल भागात जाऊन साचते. एकाच आवारात विहिरीजवळच्या खोलगट कोपऱ्यातील पपई मरते आणि वीस पावलांवर चौथऱ्याशेजारची जगते, याचे कारण हेच. नाजूक झाड लावावयाचे तर घराच्या दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील भिंतीजवळ, थोड्या उंचवट्यावर लावावे. विटांची किंवा दगडाची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू सोडते. जुन्या वाड्यांच्या चौकात केळ आणि तुळस सुखाने राहतात त्याचे श्रेय चारी बाजूंच्या या भिंतींना आहे. थंड वारा अडविण्यासाठी उत्तर व पश्चिम बाजूस शेवरीसारखे दाट कुंपण असावे हे खरे; परंतु उताराच्या खालच्या अंगास कुंपण गच्च केले तर थंड हवेचे जणू धरणच बांधले जाते. तेथे वाट मोकळी ठेवावी.

थंडीने होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली गोठण्याची. पेशींच्या मधल्या जागेतील पाणी प्रथम गोठते. तो बर्फ पेशीच्या आतील पाणी ओढून घेतो, पेशी सुकते, तिचे पापुद्रे फाटतात. सूर्य वर आल्यावर पान भिजल्यासारखे, उकडल्यासारखे दिसते आणि मग काळे पडते. दुसरी इजा गोठण्याची वाट पाहत नाही. केळ, पपई, नारळ ही उष्ण कटिबंधातील झाडे १०-१२ अंशांखाली बरेच दिवस राहिली तरी आजारतात. केळीची नवी पाने येणे थांबते, आलेली लहान व पिवळी येतात, आणि अशा वेळी घड बाहेर पडण्याच्या बेतात असेल तर तो खोडाच्या गळ्यातच अडकतो. पपई मरत नाही, पण हिवाळ्यात पोसलेले फळ मचूळ लागते. जानेवारीत दिवसचे दिवस धुके राहून सूर्यदर्शन होत नाही तेव्हा ही दुसरी इजा होते. तिच्यावर रात्रीच्या पांघरुणाचा फारसा उपाय चालत नाही. वराहमिहिर हा अवंतीचा, म्हणजे माळव्याचाच. सहाव्या शतकात त्याने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद प्रकरणात झाडांच्या रोगांची कारणे सांगताना थंडीची गणना वारा व ऊन यांच्या बरोबरीने केली आहे. येथल्या माणसाला ती नजर आपोआप येत असली पाहिजे.

कोणते झाड किती सोसते याचा अंदाज घेताना एक प्रश्न विचारावा: या झाडाचा जीव कोठे आहे? केळीचा जीव, घड बाहेर पडेपर्यंत, जमिनीतील कंदाजवळ असतो. वर दिसते ते खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी. म्हणून पाल्याने केळ काळीठिक्कर पडली तरी कंद शाबूत असेल तर वसंतात मुनवे फुटतात. घाबरून ती खणून टाकणे ही आपल्या घरांतून होणारी नेहमीची उधळपट्टी आहे. उलट नारळाचा सारा जीव माथ्यावरील एका कोंबात असतो. झावळ्या करपल्या तर झाड सावरेल. तो मधला कोंब कुजला की झाड संपले, कारण त्यास फांद्या फुटत नाहीत. पपईचेही बरेचसे तसेच, मात्र शेंडा मेल्यावर खालून एखादा फुटवा येऊ शकतो. नारळाबद्दल स्पष्टच सांगतो: ग्वाल्हेरीस तो शोभेसाठी कुंडीत ठेवावा व हिवाळ्यात आत घ्यावा. जमिनीत लावून फळाची आशा करू नये.

फणसाची पाने शून्य अंशाजवळच करपू लागतात, त्याखाली एक अंश गेला की फांद्या, आणि आणखी एक अंश उतरला तर झाड जाते. चिकूचे मोठे झाड उणे २-३ अंश काही तास सोसते, पण रोप शून्याच्या जवळपासच दगावते. पेरूचे मोठे झाड उणे तीनपर्यंत निभावते. आंब्याचे रोप उणे १ ते २ अंशांत मरू शकते, तर जुने झाड उणे ३-४ अंशांतही पाने व बारीक फांद्या गमावून उभे राहते. आंब्याचा मोहोर व बारीक कैरी मात्र अगदी नाजूक. ४ अंशांखाली काही तास गेले तरी त्यांना इजा होते. उत्तरेतील लंगडा-दशहरीस मोहोर येतो तो थंडी ओसरत असता, माघ-फाल्गुनात. कोकणात हापूस मार्गशीर्षापासूनच मोहोरू लागतो, व ती सवय त्याने येथे आल्यावर टाकली नाही तर मोहोर नेमका पाल्यात सापडतो. लिंबूवर्गात कागदी लिंबू सर्वांत नाजूक, संत्रा त्यामानाने कणखर. डाळिंब, बोर व पाने गाळून झोपणारे अंजीर यांची काळजी करण्याचे कारण नाही. कढीलिंब थंडीत पिवळा पडून पाने गाळतो. तो मेला असे समजून उपटू नये, चैत्रात तो फुटतो. हेही सांगून टाकावे, की थंडी ही आंब्याची निव्वळ वैरीण नाही. थोडी थंडी लागल्याखेरीज आंबा नीट मोहोरतच नाही.

उपायांत पहिला मान पाण्याचा. ओली माती दिवसा अधिक ऊब साठविते व रात्री ती खालून वर सहज येऊ देते. कोरडी, भेगाळलेली किंवा नुकतीच खुरपून मोकळी केलेली माती हवेने भरलेली असते व हवा ऊब पोहोचू देत नाही. म्हणून शीतलहरीची वर्दी मिळाली की आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी आळ्यास हलके पाणी द्यावे. वरची वीतभर-फूटभर माती ओली झाली म्हणजे पुरे. चिखल करू नये, थंडीत मुळे आधीच सुस्त असतात. त्या आठवड्यात खुरपणी करू नये, मात्र तण अवश्य काढावे, कारण तणाच्या सावलीमुळे मातीला ऊन मिळत नाही. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी थंडीत कोमट लागते ते द्यावे. रात्रभर गच्चीवरील टाकीत निवलेले पाणी पहाटे झाडांना घालणे म्हणजे सेवेच्या नावाखाली छळ होय. खानदेशातील केळीवाले व निफाडकडील द्राक्षबागाईतदार थंडीच्या रात्री विहिरीचे पाणी बागेत सोडतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आता एक वादाचा मुद्दा. बुंध्याशी वाळके गवत, पालापाचोळा पसरणे हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय. त्याने मुळे उबदार राहतात यात शंका नाही. पण तेच आच्छादन दिवसाचे ऊन मातीत शिरू देत नाही आणि रात्री मातीची ऊब वर येऊ देत नाही. परिणामी वरचा शेंडा अधिकच थंड पडतो. केळीचा जीव जमिनीत, तेव्हा तिच्या कंदावर जाड आच्छादन योग्यच. आले-हळदीचेही तसेच. परंतु आंबा, चिकू, पपई यांच्याभोवती पाल्याच्या दिवसांत माती उघडी, दबलेली व ओली असणेच हिताचे. उन्हाळ्यात खुशाल आच्छादन घालावे.

पानांवर पाणी फवारण्याचा उपाय परदेशांतील लिंबूवर्गीय बागांतून केला जातो. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते, तिचा लाभ झाडास मिळतो. मात्र तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ६०० कॅलरी खेचून नेते. म्हणजे पाणी अखंड, बर्फ वितळेपर्यंत चालू राहिले तर तारक. मध्येच वीज गेली किंवा वारा सुटला तर मारक. घरगुती बागेत संध्याकाळी नळीने पाने भिजविणे हे या दुसऱ्या प्रकारात मोडते. ते करू नये.

दुसरा उपाय पांघरुणाचा, आणि घरगुती बागेसाठी हाच मुख्य. झाडास स्वतःची ऊब नसते, त्यामुळे आपण दुलई घेतो तशी त्यास दुलई गुंडाळून काही साधत नाही. ऊब जमिनीतून येणार; ती अडवून धरणे एवढेच पांघरुणाचे काम. म्हणून ते जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे व कडेने माती किंवा विटा ठेवून दाबले पाहिजे. झाडाचा माथा चादरीत गुंडाळून ती बुंध्याशी सुतळीने आवळून बांधलेली दिसते, तेव्हा जमिनीची सगळी ऊब बाहेर राहते. चार बांबू किंवा तुरकाठ्या रोवून त्यांवर जुनी चादर, साडी, गोणपाट टाकावे म्हणजे कापड पानांना टेकत नाही. बाजारात या कामाचे पांढरे हलके कापड हल्ली मिळते, तेही चांगले. प्लास्टिक टाळावे, तेच असेल तर ते पानास मुळीच लागू देऊ नये, कारण जेथे टेकते तेथेच पान करपते, आणि सकाळी न काढल्यास आत भट्टी होते. पांघरूण सूर्यास्ताच्या आधी, मातीत ऊब असतानाच घालावे व सकाळी ऊन चांगले वर आले की काढावे. चार दिवस झाकलेलेच ठेवले तर माती निवते, पानांना बुरशी लागते. आत विजेचा दिवा लावण्याची युक्ती चांगली आहे, पण जुन्या तारेच्या दिव्याची, नवे एल. ई. डी. दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ नाही. दिवा कापडापासून दूर व दवापासून सुरक्षित असावा हे सांगणे नलगे.

एक-दोन वर्षांच्या कलमांसाठी इकडचे माळी सरकंड्याची किंवा कडब्याची झोपडी करतात. तीन बाजू व माथा शाकारलेला, आग्नेयेकडील बाजू उघडी. सकाळचे व दुपारचे ऊन आत येते, उत्तरेचा वारा अडतो, आणि वर आकाश दिसत नसल्याने झाडाची ऊब आकाशाकडे निसटत नाही. ही एकदा उभी केली की मार्गशीर्षापासून वसंतपंचमीपर्यंत रोजची उठाठेव उरत नाही. महोब्याचे व आमच्या जवळच्या बिलौआचे पानमळे पाहिले असतील त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. नागवेलीसारखी दमट हवेची लाडकी वेल बुंदेलखंडाच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात ते लोक शाकारलेल्या बरेजात पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आले आहेत.

कलमांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. कलम म्हणजे खाली रायवळ आंब्याचा खुंट आणि वर हापूसची काडी. पाल्याने वरची काडी मेली तरी खालचा खुंट बहुधा जगतो व वसंतात जोमाने फुटतो. घरचे आनंदतात, ‘हापूस वाचला’ म्हणून. पाच-सहा वर्षे त्याची सेवा होते आणि मग आंबट, धागेदार फळ हाती येते. रत्नागिरीची जमीन-पाणी येथे नाही म्हणून असे झाले, असे समाधान मग केले जाते. खरी गोष्ट ही, की हापूस त्या रात्रीच गेला होता. यास्तव डिसेंबरच्या आरंभी लहान कलमाच्या बुंध्याभोवती कोरड्या, स्वच्छ मातीचा ढीग सांध्याच्या वर वीतभर जाईल असा करावा. फेब्रुवारीत तो काढून टाकावा. वर सगळे जळाले तरी मातीखालील काडीचे डोळे जिवंत राहतात व फूट हापूसचीच येते. सांध्याखालून आलेली फूट तत्काळ मोडावी.

धुरीविषयी लोकांचा फार विश्वास. निफाडास द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटविलेल्या दिसतात. पाला-कचऱ्याच्या धुराने बाग वाचते असे सांगितले जाते. वस्तुतः धुराचे कण इतके बारीक असतात की ते रात्री निसटणारी उष्णता फारशी अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा व तिच्यामुळे वरखाली होणाऱ्या हवेचा. म्हणून एका मोठ्या होळीपेक्षा अनेक लहान, मंद शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते व आजूबाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. शहरातील दाट वस्तीत तर धुरी करूच नये. कोंडलेल्या हवेत तो धूर शेजारच्या दमेकऱ्यांच्या छातीत बसतो, आणि झाडाला मिळते ते नगण्य.

पूर्वतयारी दसऱ्यापासूनच सुरू व्हावी. दसऱ्यानंतर नत्राची खते बंद करावी, नाहीतर ऐन थंडीत कोवळी पालवी येते व तीच आधी जळते. पानगळीच्या नावाखाली छाटणीही त्या वेळी करू नये. बुंध्यास चुना लावावा. रात्रीची थंडी व दुपारचे ऊन यांच्या ओढाताणीत साल तडकते, ती त्याने वाचते. गंधकाम्लाचा अतिसौम्य फवारा कृषी खाते शेतकऱ्यांना सुचविते, पण ते प्रमाण व तो हात जाणत्याचा हवा. मुलेबाळे असलेल्या घरात ती बाटली आम्ही आणू देणार नाही.

कुंड्यांचे काम सोपे. कुंडीतील मुळांना चोहोबाजूंनी थंडी लागते, तेव्हा त्या एकत्र भिंतीशी लावाव्या, आणि शक्य तर ओसरीत घ्याव्या. ओसरीस भिंती नसल्या तरी चालते. वर छप्पर असले की आकाशाकडे जाणारी ऊब थांबते. तुळशीचे लग्न कार्तिकात लागते व पुढच्याच दोन महिन्यांत ती वाळते, हे दुःख घरोघरी आहे. वृंदावन हलविता येत नाही. त्यावर संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सुती वस्त्र सैल पांघरावे, मंजिऱ्या खुडाव्या, पाणी दुपारी व थोडे घालावे. पिकलेल्या मंजिऱ्यांचे बी पुडीत ठेवावे, म्हणजे जुने रोप गेलेच तर फाल्गुनात नवे करता येते. बडोद्याच्या वाचकांना यातील कुंड्यांपुरतेच घेतले तरी पुरेल. बेळगाव व हैदराबादेकडे अशी रात्र विरळा, आणि गोवेकरांनी हा लेख करमणूक म्हणून वाचावा.

एवढे करूनही पाला बाधलाच, तर दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन धावू नये. जळकी पाने कुरूप दिसतात, पण पुढच्या पाल्यात तीच खालच्या डोळ्यांचे छप्पर असतात. शिवाय फांदी कोठपर्यंत मेली हे पंधरवड्यात कळत नाही, कधी दीड-दोन महिने लागतात. होळी होऊन जाऊ द्यावी. नवी फूट दिसू लागली की नखाने साल किंचित खरवडून पाहावी: आत हिरवे व ओले असेल तेथे जीव आहे, तपकिरी व कोरडे असेल ते मेलेले. जिवंत भागात अर्धा इंच आत कापावे व मोठ्या जखमेस बोर्डोचा लेप द्यावा. पाने गेलेले झाड पाणी कमी पिते, तेव्हा नवी पालवी येईपर्यंत पाणी बेताचे. खत तर पालवी पिकून गर्द हिरवी झाल्यावरच. पाने जाऊन खोड उघडे पडले असेल तर चैत्राचे ऊन लागण्यापूर्वी त्यास पुन्हा एकदा चुन्याचा हात द्यावा. केळीचे काळे खोड मात्र मऊ पडून वास येऊ लागले तर जमिनीपासून हातभर ठेवून कापावे, कंदावर शेणखत व माती घालावी, आणि फुटलेल्या मुनव्यांतील जोमदार असे एक-दोन राखून बाकीचे शेजाऱ्यांस द्यावे.